ज्यांची नदी नेली

गुटगुटीत मूल दिसले की आपण सहज म्हणतो, "बांधाच तसा त्याचा, आजोबांवर गेला आहे!" घरात हे वाक्य निरुपद्रवी असते. पण एका संपूर्ण जमातीविषयी विद्वान मंडळी तेच बोलू लागली, की मागचा इतिहास उलगडून पाहावा लागतो. अमेरिकेतील आरिझोना राज्यातल्या पिमा लोकांची कथा अशी आहे.

हे लोक स्वतःला 'आकिमेल ओओधाम' म्हणवतात. म्हणजे नदीचे लोक. नदीचे नाव हीला. आजूबाजूला रखरखीत वाळवंट; पण कालवे काढून पाणी शेतात फिरवण्याची विद्या या भूमीत हजार वर्षांहून जुनी. मका, भोपळे, कापूस आणि टेपरी नावाचा चिवट घेवडा ते पिकवीत. मेस्किटच्या शेंगा कुटून खात. हे झाड म्हणजे आपल्याकडच्या वेड्या बाभळीची बहीणच. १८४९ साली सोन्याच्या आशेने कॅलिफोर्नियाकडे धावणाऱ्या उपाशी गोऱ्यांना याच पिमांनी गहू पुरवला.

त्या अन्नाचे पांग गोऱ्यांनी चांगलेच फेडले! १८७० नंतर वरच्या अंगाला वसाहतवाल्यांनी नदीचे पाणी आपल्या शेतांकडे वळवले. शतक संपता संपता खालचे पात्र कोरडे पडले, आणि नदीच्या लोकांवर दुष्काळ ओढवला. १९३० साली वरती एका मोठ्या धरणाचे लोकार्पण झाले, त्याला राष्ट्राध्यक्ष कूलिज यांचे नावही दिले होते. पण पिमांच्या शेतांची तहान भागली नाही. पाण्याऐवजी सरकारी शिधा आला: पांढरे पीठ, साखर, डुकराची चरबी. पीठ चरबीत तळून केलेली पुरीसारखी भाकरी हळूहळू त्यांचे नित्याचे अन्न झाली. शेत गेले, तसे अंगमेहनतीचे कामही गेले.

विसाव्या शतकाच्या आरंभी पिमांत मधुमेह क्वचितच आढळे. १९६५ साली अमेरिकन सरकारच्या संशोधकांनी तेथे दीर्घ पाहणी आरंभली, तेव्हा पस्तिशीपुढच्या माणसांपैकी सुमारे निम्मे मधुमेही निघाले. मुलेही स्थूल होत होती. तत्पूर्वी, १९६२ साली, जेम्स नील या शास्त्रज्ञाने कल्पना मांडली होती, की पिढ्यान्‌पिढ्या उपासमार सोसलेल्यांत काटकसरी जनुक टिकते आणि सुबत्तेत तेच घात करते. पिमा हे तिचे लाडके उदाहरण ठरले. रक्ताचाच दोष म्हटल्यावर पाणी कोणी नेले, हे कोण विचारणार?

पण त्याच पाहणीने वेगळे उत्तरही दिले, आणि मला तेच या कथेचे मर्म वाटते. १९८३ साली दिसून आले, की गरोदरपणी मधुमेह असलेल्या आईची मुले फार अधिक प्रमाणात स्थूल होतात. आईच्या रक्तातली साखर वारेतून गर्भाकडे जाते, तिचे इन्सुलिन मात्र जात नाही. मग गर्भ स्वतःच जास्त इन्सुलिन तयार करतो आणि जन्मापूर्वीच अंगी मेद साठवतो. यातही आनुवंशिकता असेल, असे कोणी म्हणेल. म्हणून संशोधकांनी सख्खी भावंडे ताडून पाहिली. आईबाप तेच, एक मूल आईला मधुमेह जडण्यापूर्वीचे, दुसरे नंतरचे. २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: नंतरची भावंडे अधिक स्थूल, आणि मधुमेहही त्यांच्यातच अधिक. बापाला मधुमेह जडण्याआधीच्या व नंतरच्या मुलांत मात्र असा फरक आढळला नाही. मुलीचे पोषण बिघडले, की ती आई होताना तिच्या बाळाच्या वाट्याला हा वारसा असा येत होता.

सीमेपलीकडे, मेक्सिकोच्या डोंगरांत मायकोबा गावी याच वंशाचे पिमा राहतात. कडधान्ये, मका, बटाटे खातात आणि शेतात राबतात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत त्यांच्यात मधुमेहाचे प्रमाण शेकडा ७ च्या आसपास होते. आरिझोनातल्या भाऊबंदांत शेकडा ३८. वंश जवळचा, जिणे निराळे.

आरिझोनातल्या पिमांनी पाण्यासाठी अनेक दशके कज्जा चालवला. अखेर २००४ सालच्या कायद्याने दरवर्षी साडेसहा लाख एकर-फुटांहून अधिक पाण्यावरचा त्यांचा हक्क मान्य झाला. त्या पाण्यावर बरेचसे कापूस आणि लसूणघास पिकतो. कोठे कोठे टेपरीही पुन्हा पेरली जाते.