हे म्हणणे खरे नाही की…

महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुका कोर्टातल्या साक्षीपुराव्याचे कागद चाळा, जबाबाच्या शेवटाशी एक ओळ हमखास भेटते: ‘हे म्हणणे खरे नाही की, मी खोटी साक्ष देत आहे.’ नवख्याला प्रश्न पडतो, शेतावरून उठून आलेला माणूस असले अवघडलेले मराठी बोलेल कशाला? तो बोललेला नसतोच. वकील म्हणतो, ‘तुम्ही खोटं सांगताय’; साक्षीदार म्हणतो, ‘नाही ओ साहेब’; आणि न्यायाधीश दोहोंचे मिळून एक वाक्य टंकलेखकाला सांगतात. प्रश्न पुसला जातो, उत्तर तेवढे कागदावर उरते. ही ओळ निव्वळ उपचार वाटते, पण आपली बाजू साक्षीदारापुढे अशी मांडलीच नाही, तर त्याचे म्हणणे तुम्हाला मान्य होते, असा अर्थ अपिलात काढला जाऊ शकतो.

या पुस्तकाचा विषय ही कागद घडण्याची जागा आहे. वर्तमानपत्रांत गाजतात ते सर्वोच्च न्यायालयाचे निकाल. पण वरच्या कोर्टात सहसा कोणी साक्षीदार उभा राहत नाही. तिथे खाली लिहिले गेलेले वाचले जाते. म्हणून सिनेमातला वकील न्यायाधीशांकडे बघून भाषण करतो, आणि खरा वकील अर्धे लक्ष टंकलेखकाच्या बोटांकडे ठेवतो.

दिवाणी दाव्यात २००२ पासून सरतपास (साक्षीदाराची त्याच्याच बाजूने होणारी तपासणी) प्रतिज्ञापत्रावर होतो, म्हणजे तो बहुतेक वकिलाच्याच कचेरीत तयार होतो. उलटतपास मात्र अजून तोंडीच, आणि खरी वकिली तिथेच दिसते. दिसते म्हणण्यापेक्षा, गप्प बसण्यात कळते. उमेदवारीच्या दिवसांत मी एका मारहाणीच्या खटल्यात साक्षीदाराकडून वदवून घेतले होते की रात्र अमावास्येची होती, वीज गेली होती आणि त्याच्या हातात कंदीलही नव्हता. तिथे थांबायला हवे होते. मी विचारले, ‘मग आरोपीला ओळखलंत कसं?’ तो म्हणाला, ‘खोकल्यावरून. वीस वर्षं भिंतीला भिंत लागून घर आहे आमचं.’ टंकलेखकाने तेही टिपले. कोर्टातून बाहेर पडल्यावर माझे सिनिअर एक शब्द बोलले नाहीत. चहाचे पैसे तेवढे मला द्यायला लावले.

खरे काय आणि शाबीत काय, हा या क्षेत्राचा गाभा. १८७२ चा पुरावा कायदा जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी रचला, आणि त्यात दोन नव्हे, तीन शक्यता सांगितल्या: गोष्ट शाबीत झाली, खोटी ठरली, किंवा नुसतीच शाबीत झाली नाही. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. कलमांचे आकडे बदलले, ही तिहेरी वाटणी राहिली. सामान्य माणसाचा गोंधळ होतो तो तिसऱ्या कप्प्यापाशी. आरोपी सुटला की गावात बोलले जाते, फिर्यादीच खोटा होता. बहुतेकदा निकालपत्रात तसे काहीच नसते. पंच फितूर झालेला असतो, मुद्देमालाचे सील नीट लागलेले नसते, किंवा प्रत्यक्षदर्शी म्हणवणारा माणूस त्या दिवशी दुसऱ्या गावी होता असे निघते.

लोकांचे प्रश्न आम्हाला कचेरीत कमी आणि लग्नाच्या पंगतीत जास्त भेटतात. सगळ्यात जुना प्रश्न सातबाऱ्याचा. ‘उताऱ्यावर माझं नाव आहे, मग जमीन माझीच ना?’ उतारा हा महसुलाचा कागद. त्यातली नोंद खरी धरून चालतात, पण ती खोडून काढता येते, आणि नुसत्या नोंदीने मालकी जन्माला येत नाही. ती खरेदीखत, वाटणी, वारसा यांतून येते. त्याचेच धाकटे भावंड म्हणजे ‘नोटरी केलीय की!’ शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीशिवाय पुरी होत नाही. नोटरीचा लाल शिक्का कितीही ठसठशीत असो.

दुसरा प्रश्न भांडण मिटल्यावरचा: ‘आम्ही समेट केलाय, केस मागे घेतो.’ फौजदारी खटल्याच्या कागदावर वरती ‘महाराष्ट्र शासन’ लिहिलेले असते, ते उगीच नाही. काही गुन्ह्यांत पक्षकार आपसात मिटवू शकतात, काहींत कोर्टाची परवानगी लागते, गंभीर गुन्ह्यांत मात्र फिर्यादीच्या हातात दोरी राहत नाही. धनादेश न वटल्याचे प्रकरण त्या मानाने सरळ, पण तारखांना निष्ठुर: बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती पोचल्यावर पैसे देण्यास १५ दिवस, आणि ते उलटल्यापासून महिन्याभरात तक्रार. आणि वकील परवडत नाही म्हणून घरी बसलेल्या बाईला हे कोणी सांगत नाही की १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली स्त्रियांना मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

पुरसीस, ‘से’, निशाणी, रोजनामा हे शब्द पुढे जागोजागी येतील. त्यांचे शुद्ध मराठी मी केलेले नाही, कारण कोर्टात पुकारा झाल्यावर तेच कानावर पडणार आहेत. नव्या वकिलांनी पुस्तक क्रमाने वाचावे. ज्याच्या हातात आत्ताच दाव्याचे समन्स पडले आहे, त्याने प्रस्तावनेत वेळ न घालवता ते कोणत्या दिवशी मिळाले हे आधी लिहून ठेवावे. कैफियतीचे, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर देण्याचे, ३० दिवस त्या दिवसापासून मोजतात.