डावा पाय की उजवा? मोटारसायकलच्या गिअर-ब्रेकची शतकभराची कथा

१/ आज भारतात विकत घेतलेल्या कोणत्याही नव्या गिअरच्या मोटारसायकलवर डाव्या पायाशी गिअर आणि उजव्या पायाशी मागचा ब्रेक असतो. ही मांडणी इतकी अंगवळणी पडली आहे की ती पहिल्यापासून अशीच असावी, असे वाटते. प्रत्यक्षात ती ठरायला जवळजवळ अर्धशतक लागले. त्या अर्धशतकात शर्यतीची मैदाने आहेत, एक अमेरिकी नियम आहे आणि उतरणीला लागलेला ब्रिटिश उद्योगही आहे. 🧵

२/ आरंभी गिअर पायाचा नव्हताच. पेट्रोलच्या टाकीशेजारी एक दांडा असे आणि प्रत्येक वेळी गिअर बदलताना एक हात हँडलवरून काढावा लागे. अनेक अमेरिकी गाड्यांवर क्लचही पायाने चालत असे. खाचखळग्यांच्या रस्त्यावर, ऐन वळणावर, एका हाताने गाडी सावरणे म्हणजे पडण्याला आमंत्रणच होते.

३/ मग दांडा पायाशी आणला गेला. पण नवी अडचण उभी राहिली : तो नेमका किती दाबायचा? थोडा कमी दाबला तर गिअर पडत नसे, जास्त दाबला तर एक गिअर ओलांडून दुसऱ्यात जाई. हाताला जी अटकळ साधते, ती बुटातल्या पायाला साधत नाही.

४/ यावरचा टिकाऊ उपाय १९२८च्या सुमारास बर्मिंगहॅमच्या वेलोसेट कंपनीत निघाला. हॅरोल्ड विलिस या अभियंत्याने शर्यतीच्या गाडीसाठी अशी यंत्रणा बसवली की एका दाबाला एकच गिअर बदले आणि पाय उचलताच दांडा पुन्हा मधल्या जागी येई. आता पायाला गिअरची जागा लक्षात ठेवावी लागत नव्हती. फक्त दांडा कुठे आहे, एवढे माहीत असले की पुरे. आजची बहुतेक प्रत्येक गिअरची मोटारसायकल याच तत्त्वावर चालते.

५/ तिसाव्या दशकात ब्रिटिश कारखान्यांनी ही पद्धत उचलली. अमेरिकेत मात्र हार्ले-डेव्हिडसनचे 'के' मॉडेल पायाचा गिअर आणि हाताचा क्लच घेऊन आले ते १९५२ साली.

६/ तोवर दुसरा तिढा तयार झाला होता. ब्रिटिश गाड्यांचा गिअर उजवीकडे आणि ब्रेक डावीकडे. जपानी गाड्यांचे नेमके उलट. स्वतंत्रपणे पाहिल्यास दोन्ही मांडण्या उत्तम चालतात. धोका होता तो एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर बसणाऱ्याला. संकटाच्या क्षणी माणूस विचार करत नाही. पाय सवयीच्या जागी जातो. ब्रेक समजून गिअर दाबला गेला, तर गाडी थांबत नाही आणि चूक उमगेपर्यंत अंतर संपलेले असते.

७/ सत्तरीच्या दशकात अमेरिकी बाजारात जपानी गाड्यांचा वरचष्मा होता. अमेरिकी सरकारच्या वाहन-सुरक्षा मानक क्रमांक १२३ने १९७४मध्ये हा प्रश्न निकाली काढला : गिअर डाव्या पायाशी, मागचा ब्रेक उजव्या पायाशी. वरचा गिअर टाकण्यासाठी दांडा पंजाने वर उचलायचा, हेही ठरले.

८/ ब्रिटिश कारखान्यांना अमेरिकी गिऱ्हाईक गमावणे परवडणारे नव्हते. पण त्यांच्या गिअरपेट्यांचे दांडे उजवीकडे निघत आणि नवी पेटी घडवायला पैसा नव्हता. म्हणून १९७५च्या सुमारास नॉर्टन कमांडो आणि ट्रायम्फ बॉनव्हिल यांच्या जुन्याच रचनेत जोडकाम करून गिअर डावीकडे आणला गेला. हार्लेच्या स्पोर्टस्टरवरही आधी अशीच जोडणी आली. सांधे वाढले की ढिलाई वाढते. गिअर पडला की नाही, हे पायाला पूर्वीसारखे स्पष्ट कळेना.

९/ भारतात अमेरिकी नियम लागू नव्हता. १९५५पासून मद्रासमध्ये बांधली जाऊ लागलेली एनफिल्ड बुलेट पुढे कित्येक दशके उजव्या पायानेच गिअर बदलत राहिली. तिच्या गिअरजवळ न्यूट्रलसाठी टाचेने दाबायचा एक वेगळा छोटा दांडाही असे. १९६१पासून म्हैसूरला बनणाऱ्या जावावर तर किक आणि गिअर यांचा दांडा एकच, आणि तो डावीकडे. त्यामुळे एकाच घरात बुलेट आणि जावा असल्या, तर पायांना दोन भाषा शिकाव्या लागत.

१०/ १९८५ साली हिरो होंडा सीडी १०० आली. तिचा गिअरचा दांडा पुढे पंजाने आणि मागे टाचेने दाबता येई. पायाच्या वरच्या बाजूने दांडा उचलावा लागत नसल्याने चपला घालून गाडी चालवणाऱ्या देशाला तो मानवला. एकविसाव्या शतकात पाच गिअरच्या नव्या पेटीबरोबर बुलेटही डावीकडे वळली. बाजूचा वाद संपला. दिशेचा मात्र आजही नाही. काही गाड्यांचे सगळे गिअर पुढे दाबून पडतात, काहींचा पहिला खाली आणि बाकीचे वर. मित्राची गाडी घेताना हे आधी विचारणे म्हणूनच शहाणपणाचे.

११/ नियमाने बाजू ठरवली, उंची नाही. ती ठरवता येणारही नव्हती, कारण प्रत्येकाचा पाय वेगळा. म्हणून अनेक गाड्यांवर ती बदलण्याची सोय ठेवलेली असते. गिअरचा दांडा दातेरी दांडीवर बसतो : बोल्ट काढायचा, दांडा ओढून घ्यायचा, एक दाता वर किंवा खाली सरकवून पुन्हा घट्ट आवळायचा. मूळ जागेवर आधी खूण केलेली बरी.

१२/ ब्रेकचा क्रम महत्त्वाचा. आधी पेडलची उंची, मग दाबताना ब्रेक लागण्यापूर्वीची मोकळी चाल (मागे ड्रम ब्रेक असलेल्या अनेक गाड्यांसाठी २० ते ३० मिलिमीटर, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो) आणि शेवटी ब्रेकच्या दिव्याचा स्विच. पेडल फार उंच असेल तर पायाचा भार नकळत त्यावर राहतो आणि ब्रेक घासून तापतो. फार खाली असेल तर आधी पाय शोधतो, मग दाबतो. तेवढ्यात गाडी काही मीटर पुढे गेलेली असते.

१३/ ही जुळणी गाडी उभी असताना, रोजच्या पादत्राणांनिशी करावी. मग डोळे मिटून बसावे आणि पाय टेकवावा. खाली न पाहता पंजा ब्रेकवर पडला, तर उंची बरोबर आहे.