पराग अग्रवाल : प्रोग्रामर ते तंत्रज्ञानप्रमुख

मुंबईत शिकलेल्या पराग अग्रवाल यांनी २००५ मध्ये आयआयटी मुंबईतून संगणकशास्त्रात बी.टेक. केले, पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठातून पीएच.डी. मिळवली. २०११ मध्ये ते ट्विटरमध्ये सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून लागले. जाहिरातींच्या यंत्रणेवर काम करत करत ते तिथे 'डिस्टिंग्विश्ड इंजिनिअर' झाले. तरुणांनी या पदाकडे नीट पाहावे. त्यात माणसे सांभाळण्यापेक्षा अवघड तांत्रिक निर्णयांची जबाबदारी मोठी असते. मॅनेजर झाल्याशिवाय वर जाता येत नाही, असे आपली अनेक मुले धरून चालतात आणि चांगले कोडिंग अर्ध्यावर सोडतात. अग्रवाल २०१७ मध्ये सीटीओ आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये सीईओ झाले. वर्षही पुरे झाले नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये कंपनी इलॉन मस्क यांच्याकडे गेली आणि त्यांना लगेच काढण्यात आले.