चमत्कारी तांदूळ, पण गार झाला की कडक

आज एका तांदळाची गोष्ट. त्याचं पूर्ण नाव ऐकलंत तर एखाद्या अ‍ॅपचं व्हर्जन वाटेल: आयआर ८-२८८-३. अर्थ सरळ आहे. आठवा संकर, २८८ वी ओळ, तिसरं रोप.

१९६२ साली फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत पीटर जेनिंग्ज यांनी इंडोनेशियाचं उंच ‘पेटा’ आणि तैवानचं बुटकं ‘डी-जिओ-वू-जेन’ यांचा संकर केला. कारण असं, की जुनी भातं उंच. खत वाढवलं की लोंब्या जड होतात आणि पीक आडवं पडतं. आयआर ८ मात्र बुटकं, जाड काडीचं, ताठ उभं. भरपूर खत दिल्यावर चाचणीत हेक्टरी ९-१० टनांपर्यंत गेलं! नोव्हेंबर १९६६ मध्ये वाण बाहेर आलं आणि पेपरवाल्यांनी त्याला ‘चमत्कारी तांदूळ’ करून टाकलं.

मग लोकांनी तो शिजवून खाल्ला.

दाण्याच्या पोटात खडूसारखा पांढरा ठिपका होता. तिथे स्टार्चचे कण सैल बसलेले असतात, मधे हवा राहते. गिरणीत दाणा नेमका तिथेच तुटतो, म्हणजे कणी जास्त आणि भाव कमी. शिवाय अमायलोज नावाचं स्टार्च २५ टक्क्यांहून जास्त. असा भात गरम असताना मोकळा लागतो, पण गार झाला की टणक. सकाळी डब्यात भरून दुपारी खाणाऱ्याला विचारा!

आता यावर लगेच म्हटलं जातं, ‘उत्पन्न वाढलं की चव जाणारच.’ मला हे पटत नाही. रोप बुटकं करणारं जनुक वेगळं, अमायलोज ठरवणारं वेगळं. १९८५ साली त्याच संस्थेचं आयआर ६४ आलं. तेही बुटकंच, पण अमायलोज मध्यम, दाणा चांगला, खायला मऊ. म्हणजे दोन्ही जमत होतं. पण साठच्या दशकात आशियावर दुष्काळाचं सावट होतं, त्यामुळे आधी पोती मोजली गेली. ते चूक होतं असं मी म्हणणार नाही. फक्त, तो निवडीचा क्रम होता, निसर्गाचा नियम नव्हे.

याचा एक धागा थेट आपल्या ताटापर्यंत येतो. आंबेमोहोर आठवा: आंब्याच्या मोहोरासारखा वास, पण रोप उंच, लोळणारं, उत्पन्न बेताचं. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात आंबेमोहोर १५७ आणि चक्क आयआर ८ यांचा संकर झाला, आणि १९८७ मध्ये त्यातून आली आपली इंद्रायणी. हो, तीच! बाप तो कडक भातवाला, आणि लेक इतकी मऊ की पाणी जरा जास्त झालं तर गिचका होतो.

वास मात्र आंबेमोहोराइतका उतरला नाही. इंद्रायणी शिजताना घमघमते, पण आमची आजी म्हणते तसा ‘शेजारच्या घरात कळेल’ इतका नाही. शेतकऱ्याला पैसे वजनावर मिळतात. वासाचे वेगळे पैसे देणारं गिऱ्हाईक मिळालं, तरच तो आंबेमोहोर लावणार.