जहाजांचा मंद वेग आणि पायलट शुल्काची भरपाई

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील व्हँकुव्हर बंदराकडे येणारी अनेक मोठी जहाजे हारो सामुद्रधुनीतून जातात. व्हँकुव्हर बेट आणि अमेरिकेतील सॅन हुआन बेट यांच्यामधील हा जलमार्ग ‘दक्षिणी निवासी’ ओर्का, अर्थात किलर व्हेल, यांचे उन्हाळ्यातील महत्त्वाचे खाद्यक्षेत्र आहे. या समूहात ७५ च्या आसपासच प्राणी उरले असून कॅनडा आणि अमेरिका या दोन्ही देशांनी त्याला संकटग्रस्त घोषित केले आहे.

ओर्का आपले मुख्य भक्ष्य, चिनूक जातीचा सामन मासा, प्रतिध्वनीच्या आधारे शोधतात. जहाजाच्या पंख्याभोवती निर्माण होऊन फुटणाऱ्या बुडबुड्यांच्या आवाजात हा प्रतिध्वनी बुडून जातो. वेग घटला की बहुतेक जहाजांचा आवाजही घटतो.

यासाठी व्हँकुव्हर फ्रेझर बंदर प्राधिकरणाने २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘एको’ कार्यक्रमांतर्गत ७ ऑगस्ट ते ६ ऑक्टोबर २०१७ या काळात प्रयोग करण्यात आला. सुमारे १६ सागरी मैलांच्या पट्ट्यात जहाजांनी स्वेच्छेने ११ नॉट वेग राखावा, असे आवाहन करण्यात आले. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर.

एरवी १८ नॉट वेगाने जाणाऱ्या जहाजाला हा पट्टा पार करण्यास सुमारे ५३ मिनिटे लागतात. ११ नॉट वेगाने ८७ मिनिटे. या मार्गावर मोठ्या जहाजांना स्थानिक पाण्याची माहिती असलेला परवानाधारक पायलट घेणे बंधनकारक आहे. त्याचे काम लांबले की शुल्क वाढते. सलग आठ तासांहून अधिक काम होणार असल्यास दुसरा पायलट घ्यावा लागतो.

सहभाग ऐच्छिक असल्याने नियम पाळणाऱ्यालाच भुर्दंड आणि न पाळणाऱ्याला लाभ, अशी स्थिती उद्भवली असती. म्हणून सहभागी जहाजांच्या वाढीव पायलट शुल्काची भरपाई करण्याची तयारी प्राधिकरणाने दर्शवली. मात्र धक्क्यावरील ठरलेली वेळ किंवा भरती चुकल्यास होणारा तोटा पायलट शुल्काच्या भरपाईने भरून निघत नाही.

२०१७ मध्ये पायलट असलेल्या सुमारे ६१ टक्के जहाजांनी सहभाग घेतला. वारा, प्रवाह आणि छोट्या नौका यांचा परिणाम वगळता पाण्याखालील आवाजात सुमारे अडीच डेसिबलची मध्यक घट आढळली. ध्वनितीव्रतेच्या मापाने ही घट सुमारे ४४ टक्के होते.

सर्व जहाजांना एकच वेग सोयीचा नसल्याचे दिसल्याने २०१८ मध्ये मालवाहू कंटेनर, मोटारवाहू आणि प्रवासी जहाजांसाठी १५ नॉट, तर सुट्या मालाची जहाजे व तेलवाहू जहाजांसाठी १२.५ नॉट मर्यादा सुचवण्यात आली. सहभाग ८७ टक्क्यांवर पोहोचला. वेगमर्यादा व्यवहार्य ठेवून खर्चाचा वाटा उचलल्यास सक्तीविनाही सहकार्य मिळू शकते, हे या उपक्रमातून स्पष्ट झाले.