घ्यावं की करावं?

मंडळी, सध्या आमच्या घरात एकच चर्चा चालू आहे. लाकडावर कोरीवकाम करणारं छोटं सीएनसी राऊटर यंत्र विकत घ्यायचं की घरी बनवायचं? (वहिनी, हा राऊटर म्हणजे इंटरनेटचा डबा नव्हे बरं का! गरगर फिरणारं पातं लावलेली मोटर, आणि ती कुठे, किती खोल न्यायची हे आकड्यांत सांगणारा संगणक.) बजेट चाळीस हजार, जागा गॅलरीतली. निमित्त आईच्या देवघराचं. त्याच्या दोन्ही दारांच्या जाळ्या मोडल्यात, आणि ज्यांनी त्या कोरल्या ते सुतारकाका आता नाहीत. आईने नवीन जाळ्या डोळ्यांनी पाहाव्यात, एवढीच घाई.

हौसेला मोल नसतं म्हणतात, पण सामानाला असतं. म्हणून आधी या यंत्राचा इतिहास वाचायला घेतला. गंमत म्हणजे आमचा हा प्रश्न यंत्राच्या जन्मापासूनच त्याच्या मागे लागलेला निघाला.

गोष्ट सुरू होते 1940 च्या दशकात, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या ट्रॅव्हर्स सिटीत. जॉन पार्सन्स तिथे हेलिकॉप्टरची पाती बनवत. पात्याच्या वक्र आकाराचा साचा अचूक हवा, पण तसा कापून देणारं यंत्र बाजारात नव्हतंच. मग त्यांनी वक्ररेषेवरचे बिंदू पंचकार्डांच्या यंत्रावर मोजून काढले. एक माणूस तक्त्यातले आकडे मोठ्याने वाचणार, दुसरा एका दिशेचं चाक फिरवणार, तिसरा दुसऱ्या दिशेचं. थोडक्यात, पहिलं सीएनसी म्हणजे तीन माणसंच होती!

या माणसांच्या जागी मोटरी आणायच्या म्हणून 1949 साली हवाई दलाचं कंत्राट मिळालं. काम एमआयटीच्या प्रयोगशाळेत गेलं आणि 1952 साली यंत्र चालवून दाखवण्यात आलं. त्यात सुमारे 250 व्हॅक्यूम ट्यूब आणि 175 रिले होते, बिल झालं 3 लाख 60 हजार डॉलर. एवढा पैसा ओतायला कारखानदार कुठले तयार होणार? शेवटी सरकारनेच अशी यंत्रं विकत घेऊन त्यांना वापरायला दिली. म्हणजे बऱ्याच जणांनी ती घेतली नाहीत आणि केलीही नाहीत, आयती मिळाली.

पुढची कथा मेंदू स्वस्त होण्याची. 1990 च्या दशकात अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेने यंत्र चालवणारा एक संगणकीय प्रोग्राम लिहिला. सरकारी काम, त्यामुळे तो सर्वांना खुला. हौशी मंडळींनी तो उचलला, वाढवला, आणि त्यातून आजचं लिनक्ससीएनसी उभं राहिलं. 2009 साली सिमेन स्वाले स्कोग्सरूड यांनी जीआरबीएल लिहिलं. तेही फुकट, आणि आर्डुइनोसारख्या तळहाताएवढ्या बोर्डावर चालणारं. 250 ट्यूबांचं काम आता हजार रुपयांच्या आतल्या पट्टीवर होतं. तो बोर्ड आमच्या पुण्यात तपकीर गल्लीत फेरी मारली तरी मिळावा.

मग अडतं कुठे? अडतं ते शरीरापाशी.

थोडं गणित करू. साधी स्टेपर मोटर एका फेऱ्यात 200 पावलं टाकते. प्रत्येक पावलाचे 16 भाग केले की झाली 3200. एका फेऱ्यात 8 मिलिमीटर सरकवणारा स्क्रू लावला, तर एका मिलिमीटरला 400 पावलं. कागदावर काय अचूकता! पण ज्या आडव्या दांडीवर मोटर सरकते ती वाकली तर? दांडीची लांबी दुप्पट केली की तेवढ्याच जोराने ती आठपट वाकते. मेंदू कितीही हुशार असो, पाय लटपटत असतील तर अक्षर वाकडंच येणार. ट्यूबा स्वस्त झाल्या, पण सरळ, न पिळलेलं, ताठ लोखंड काही तेवढं स्वस्त झालं नाही. जुन्या बाजारात ते नशिबानेच सापडायचं.

यावर एक तोड 2011 साली निघाली. बार्ट ड्रिंग यांनी ॲल्युमिनियमची पट्टीच अशी काढली की तिच्या अंगातच चाकांसाठी रूळ होता. तीच वापरून एडवर्ड फोर्ड यांनी शेपोको नावाचं यंत्र लोकवर्गणीतून आणलं. खोक्यात भाग मिळणार, जोडायचे आपण. आता याला घेणं म्हणायचं की करणं? आज सगळीकडे मिळणारं चिनी 3018 यंत्रही याच जातीचं. नावातच त्याचं माप आहे, 30 बाय 18 सेंटिमीटर.

स्वतः करायचं म्हटलं तरी मोटरी, स्क्रू, रूळ, पॉवर सप्लाय विकतच आणायचे. शिवाय ज्या पट्ट्यांवर हे सगळं बसवायचं त्यांची भोकं अचूक पाडायला एक यंत्र हवंच! यावर डेव्हिड जिंजरी यांनी 1980 च्या दशकातल्या पुस्तकांत सांगितलेला मार्ग मला फार आवडला. आधी भट्टी करा, भंगार ओतून लेथ करा, मग त्या लेथवर पुढची यंत्रं. पण त्याला रविवार किती लागतील? आई ऐंशीची आहे.

इथे पुन्हा पार्सन्स आठवले. त्यांना यंत्र नको होतं, पातं हवं होतं. मग मी स्वतःलाच विचारलं, मला काय हवंय? यंत्र की जाळी? खरं सांगायचं तर दोन्ही. पण वाट बघू शकतं ते यंत्र, जाळी नव्हे.

उठून देवघराची दारं मोजली. एकेक जाळी 24 बाय 15 सेंटिमीटर. म्हणजे छोट्यात बसतेय! सागवान आहे, अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरने कोरावं लागेल, दिवस मोडेल. मोडू दे.

तर छोटं यंत्र विकत घेतोय. उरलेले पैसे ताठ रुळांसाठी बाजूला. जाळ्या झाल्या की याच यंत्रावर मोठ्याचे प्लायवूडचे साचे कापीन. मोठं यंत्र मात्र घरी करणार, अगदी सावकाश.

तूर्तास एवढंच. कुणाच्या माळ्यावर सागवानाची जुनी फळी पडली असेल तर कळवा, मी न्यायला येतो.