ट्रूथ अँड बेस

‘ट्रूथ अँड बेस’ हा मुंबईचे गुजराती रॅपर एमसी तोडफोड ऊर्फ धर्मेश परमार यांचा पहिला एकल अल्बम. आझादी रेकॉर्ड्सने तो मार्च 2022 मध्ये प्रसिद्ध केला आणि त्याच महिन्यात, वयाच्या अवघ्या 24व्या वर्षी, परमार यांचे निधन झाले. त्यामुळे हा अल्बम मृत्युपत्रासारखा ऐकण्याचा मोह होतो. तो टाळायला हवा. हे घडत असलेल्या कलावंताचे पहिले स्वतंत्र काम आहे आणि त्यामागचा ‘मी’ समूहात, तालमीत तयार झालेला आहे.

परमार नायगावच्या बीडीडी चाळीचे. ‘स्वदेशी’ या बहुभाषिक गटात ते गुजरातीतून रॅप करत, एमसी मवाली मराठीतून. अमरावतीचे 100आरबीएच हेही याच गटातले. एरवी गरब्याच्या मांडवात कानी पडणारी भाषा परमार यांनी रॅपसाठी निवडली, हीच आत्मशोधाची पहिली खूण मानावी लागते. दुसरी खूण लयीची, आणि ती जास्त महत्त्वाची. मृदंगवादक विवेक राजगोपालन यांच्या ‘ता धोम’ प्रकल्पात या मंडळींनी कोनक्कोलची, म्हणजे तोंडाने बोल म्हणण्याच्या कर्नाटक पद्धतीची, तालीम घेतली. रॅपचा ठेका सहसा चार मात्रांचा असतो. त्यावर ‘तकिट’ हा तीन मात्रांचा बोल सलग म्हणत गेले, की आघात दर वेळी सरकतो आणि बारा मात्रांनी दोन्ही पुन्हा समेवर भेटतात. हे अंगात मुरायला समोर कुणीतरी टाळी धरून बसावे लागते. ‘गली बॉय’ (2019) चित्रपटातले ‘इंडिया 91’ याच तालमीतून आले, आणि त्यात परमार यांचा आवाज आहे.

यावर आक्षेप येईल, की समूहाला एवढे श्रेय दिले तर एकल अल्बमाचे एकलपण उरत नाही. पण आपल्या शाहिरी परंपरेत झीलकऱ्यांमुळे शाहीर लहान ठरत नाही. उलट त्यांच्यामुळेच त्याचा आवाज वेगळा कळतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मृत्यू ठाऊक असताना तो विसरून ऐकायचे कसे? डेट्रॉइटच्या जे डिलाचा ‘डोनट्स’ 7 फेब्रुवारी 2006 रोजी आला, तीन दिवसांनी डिला गेला, आणि तेव्हापासून त्या अल्बमचा तुकडा न् तुकडा निरोप म्हणून ऐकला जातो. मात्र ‘डोनट्स’ आजारपणाच्या छायेत आला, त्याआधी डिलाचे बरेच काम लोकांसमोर होते. परमार यांच्या बाबतीत निरोपाचा अर्थ लावला, तर आपण त्यांच्या सुरुवातीलाच शेवट ठरवून टाकतो. हा त्यांच्यावर अन्याय आहे. श्रोत्यांनी आधी ‘इंडिया 91’ ऐकावे, मग ‘स्वदेशी’चा 2020चा ‘चेतावनी’, आणि त्यानंतर ‘ट्रूथ अँड बेस’.